चार्जर लावला की कारच्या स्टिरिओतून शिट्टी येते. बिघाड प्लेअरमध्ये आहे की स्टिरिओत?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. गाण्यांचा प्लेअर ऑक्स केबलने (हेडफोनसारख्या पिनेची आवाजाची केबल) जोडून लायटरच्या सॉकेटमधून चार्जिंगला लावला की ‘कुईं’ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. कधीकधी वाद्यं वाजतात पण गायकच गायब होतो. आणि यूएसबीला लावलं तर स्टिरिओ ‘नो फाइल’ म्हणतो. माझ्या मते प्लेअरही धड आहे आणि स्टिरिओही. तिन्ही भानगडी त्यांच्या मधल्या जोडणीतल्या आहेत.

पहिल्या तक्रारीपायी मी स्वतः भरपूर घाम गाळलाय. आधी केबल बदलली, मग दुसरी बदलली, मग एका सुट्टीच्या दिवशी डॅशबोर्ड उघडून स्टिरिओ बाहेर काढला. सगळं पुन्हा बसवल्यावर एक क्लिप उरली, ती कुठली होती हे आजवर कळलेलं नाही. शिट्टी तशीच. शेवटी चार्जर सहज उपटला आणि आवाज एकदम शांत. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे करून बघा: इंजिन चालू, गाणं पॉज, आवाज मोठा, आणि चार्जर काढा. शिट्टी गेली तर निदान झालं.

होतं असं, की प्लेअर गाडीच्या बॉडीला दोन वाटांनी जोडला जातो. एक वाट चार्जरच्या निगेटिव्हमधून, दुसरी ऑक्स केबलच्या ग्राउंडमधून स्टिरिओमार्गे. दोन्ही शेवटी बॉडीलाच मिळतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी, आणि इंजिन चालू असताना त्या दोन ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो. अल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो, डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर शिल्लक राहतेच. त्या फरकामुळे ऑक्सच्या ग्राउंडमधून करंट वाहू लागतो. गाण्याच्या सिग्नलची परतीची तारही तीच असल्यामुळे स्टिरिओ त्या लहरीलाही गाणं समजून मोठं करतो. अल्टरनेटर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून इंजिनचा वेग वाढला की सूर चढतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

मात्र सगळा आवाज लूपचाच असतो असं नाही. किल्ली नुसती एसीसीवर (इंजिनाशिवाय स्टिरिओ चालतो त्या जागी) ठेवून, इंजिन बंद असतानाही बारीक चिवचिव किंवा खरखर येत असेल आणि वेगाशी तिचा संबंध नसेल, तर चार्जरवरच संशय घ्या. हलक्या चार्जरमध्ये फिल्टरचे भाग वाचवलेले असतात, दुसरा लावून बघा. आणि ऑक्स केबल काढून नुसता रेडिओ लावला तरी शिट्टी येत असेल, तर स्टिरिओची किंवा अँटेनाची अर्थिंग तपासावी लागेल. ते काम गाडीच्या इलेक्ट्रिशियनला करू द्या. (हे मी त्या उरलेल्या क्लिपला स्मरून सांगतोय.)

लूप तोडायचा म्हणजे दोनपैकी एक वाट बंद करायची. सर्वांत सोपं म्हणजे प्लेअर घरून चार्ज करून आणायचा. वाटेत चार्जिंग लागतंच असेल तर पॉवर बँक वापरा, पण ती त्याच वेळी गाडीच्या सॉकेटला लावू नका, नाहीतर लूप पुन्हा जुळला. कायमचा इलाज हवा असेल तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मिळते, ती प्लेअर आणि स्टिरिओ यांच्या मधे ऑक्सच्या लाइनीत बसवायची. आत डाव्या-उजव्या चॅनेलसाठी एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि तांब्याची सलग वाट राहत नाही. अगदी हलक्या आयसोलेटरमध्ये खर्ज जरा पातळ होतो, तेवढं धरून चला. माझ्याकडे तोच आहे आणि रस्त्याच्या आवाजात मला फरक जाणवत नाही.

आता गायब होणारा गायक. बहुतेक गाण्यांत गायकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच ठेवलेला असतो. पिनेचं ग्राउंड नीट टेकलं नाही की स्पीकरपर्यंत दोन चॅनेलमधला फरक तेवढा पोचतो. जे दोन्हीकडे सारखं, ते एकमेकांना खाऊन टाकतं, म्हणजे गायक गेला. पिन पूर्ण आत गेली आहे का बघा. प्लेअरला जाड कव्हर असेल तर ते काढून लावा, पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरचा घोळ असतो. मग पिनेवरच्या काळ्या रेषा मोजा: दोन असतील तर साधी स्टिरिओ पिन, तीन असतील तर माइकवाली. दोन्ही 3.5 मिमीच्याच, पण माइकवाली काही सॉकेटमध्ये चुकीच्या जागी टेकते. तुम्हाला दोन रेषांवाली केबल हवी.

याच ओघात प्लेअरच्या व्हॉल्यूमचं सांगतो. तो पाऊणाच्या आसपास ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवरून करा. प्लेअर फार कमी ठेवला तर स्टिरिओ वाढवावा लागतो आणि त्याबरोबर सुरसुरही वाढते. अगदी टोकाला नेला तर काही प्लेअर फाटके वाजतात. बेस बूस्ट प्लेअरमध्ये बंदच बरा.

यूएसबीचं म्हणाल तर आधी केबल बघा. काही केबली निव्वळ चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. तीच केबल कॉम्प्युटरला लावून प्लेअर दिसतो का ते पाहा. दिसला, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड शोधा. एमटीपी (फाइली पाठवायची एक पद्धत) असेल तर बरेच स्टिरिओ त्याला ओळखत नाहीत, त्यांना पेनड्राइव्हसारखी वस्तू लागते. म्हणून एमएससी किंवा मास स्टोरेज निवडा. तरीही फाइल दिसत नसतील तर मेमरीचा फॉरमॅट, म्हणजे फाइली साठवायची मांडणी, पाहा. जुने स्टिरिओ बहुधा फॅट32 वाचतात, एक्सफॅट आणि एनटीएफएस पुष्कळांना वाचता येत नाहीत. फॉरमॅट बदलताना सगळी गाणी पुसली जातात, आधी कॉपी काढून ठेवा. गाणी फ्लॅक या प्रकारच्या फाइलींत असतील तर एक एमपी3 टाकून बघा. ती वाजली तर यूएसबीचा प्रश्न तिथेच सुटला.

जुना आयपॉड असलेल्यांना वेगळाच अनुभव येतो. सुरुवातीच्या काही कार डॉकमधून फायरवायरच्या (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) पिनांवर 12 व्होल्टचं चार्जिंग मिळायचं. 2008 पासूनच्या बऱ्याच नव्या मॉडेलांनी ते घेणं सोडलं आणि फक्त यूएसबीचे 5 व्होल्ट ठेवले. त्यामुळे अशा डॉकवर गाणी वाजतात, पण बॅटरी भरत नाही. तिथे मधे बसणारा ॲडॅप्टर लागतो, केबली बदलून उपयोग नाही.

तुमच्या बाबतीत मी आधी पिन बघेन, मग चार्जर काढून ऐकेन. ही दोन कामं गाडी उभी असताना पाच मिनिटांत होतात. यूएसबीकडे नंतर वळा, कारण ऑक्स स्वच्छ वाजू लागला तर कदाचित त्याची गरजच पडणार नाही. चार्जर काढूनही शिट्टी राहिली तर गाडीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवलेला आहे का तेवढं इथे लिहा, त्याच्या अर्थिंगचं प्रकरण निराळं असतं.