नुसते ओठ हलवायला सांगू का?

प्रश्न : बाई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. दोन्ही वर्ग मिळून ४१ मुलं. मी गाण्याची प्रारंभिक परीक्षा दिलेली आहे, पेटीही थोडीफार येते. म्हणून स्नेहसंमेलनाचं समूहगीत माझ्याकडे आलं. चार-पाच मुलं घोगऱ्या आवाजात, एकाच सुरावर अडकून आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गातात. त्यांच्यामुळे बाकीचेही बिघडतात. त्यांना नुसते ओठ हलवायला सांगितलं तर चालेल का?
— एक शिक्षक, आजरा तालुका

उत्तर : नाही गुरुजी, एवढं मात्र करू नका. स्वतःच्या लेकराला झोपवतानाही तोंड न उघडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. कारण विचारलं की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं : ‘शाळेत बाई म्हणाल्या होत्या, तू गप्प उभी राहा.’

आधी तुमचा स्वतःचा सा तपासा. तुम्ही बहुधा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गात असाल, तेही पुरुषी आवाजात, म्हणजे खालच्या सप्तकात. बरीच मुलं आपोआप एक सप्तक वर जाऊन तुमच्याबरोबर गातात. काहींना ते उमगत नाही. ती तुमचाच आवाज गाठायला जातात आणि तळाशी घरघरत बसतात. ही मुलं बेसूर नाहीत, तुमचं ऐकून तसंच करायला बघताहेत. या वयाला काळी पाच किंवा मधल्या सप्तकातली पांढरी एक, इथला सा सोयीचा पडतो. तिथे तुम्हाला गाता येत नसेल तर वर्गातली पक्क्या सुराची एखादी मुलगी पुढे घ्या. ओळ तिनं म्हणायची आणि वर्गानं उचलायची. पोराला पोराचा आवाज लवकर सापडतो.

आता त्या चार-पाचांविषयी. माझ्याकडे चौथीत एक मुलगा होता, घरी शेळ्या राखायचा. सा म्हण म्हटलं की हनुवटी छातीला टेकवून गुरगुरायचा. महिनाभर मी पेटीवर सा धरून ‘असा म्हण, असा म्हण’ करत राहिले. माझी ती मेहनत वाया गेली, कारण पेटीचा सूर त्याच्या लेखी कुठेच नव्हता. एकदा मधल्या सुट्टीत तो कुंपणापाशी उभा राहून पलीकडच्या शेळीला हाक मारत होता, ‘ये ऽऽ ये ऽऽ’. मान वर, छाती मोकळी आणि आवाज स्वच्छ, उंच! मी त्याला तसाच वर्गात आणला, पुन्हा हाक मारायला लावली आणि पेटीवर तो सूर शोधला. काळी तीन निघाली. म्हटलं, आज हाच आपला सा. मी त्याच्या सुरात मिसळले. दोन आवाज एक झाले तेव्हा तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. सूर जुळणं म्हणजे काय, हे त्याच्या कानाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिथून रे, मग ग, असं करत दिवाळीपर्यंत तो वर्गाबरोबर आला.

तुम्हीही हेच करा. मूल तुमच्या सुरावर येत नसेल तर आधी तुम्ही त्याच्या सुरावर जा. मुलामागे दोन मिनिटं पुरतात, पण ती बाकीच्यांसमोर नकोत. मुलं हसली की तो आवाज पुन्हा आत जातो.

सरावाला भूप रागाचे स्वर घ्या : सा रे ग प ध. म आणि नि नसल्यामुळे अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच येत नाही, त्यामुळे मुलांचा पाय घसरत नाही. पेटी सतत वाजवू नका. मुलं तिच्या आवाजात लपतात आणि तुम्हालाही कोण कुठे आहे ते ऐकू येत नाही. मोबाइलवर तानपुरा लावलात तरी पुरे. ताल हातावरच शिकवा. तीनतालाच्या १६ मात्रा. पहिली, पाचवी आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. खालीला हात बाजूला उडवायचा, हे मुलांना फार आवडतं. व्याख्या नंतर सांगता येतील.

परिपाठाकडेही लक्ष द्या. राष्ट्रगीत कोणीतरी मनाला येईल तिथून उचलतं आणि शेवटी ‘जय हे, जय हे, जय हे’ सुरू होताना तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा आला की अर्धी शाळा किंचाळते. गळे खराब होण्याची सुरुवात तिथे होते. रोज सुरू करण्याआधी पेटीवर सा द्या.

संमेलनात त्या मुलांना रांगेच्या टोकाला किंवा मागे उभं करू नका. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना पक्क्या सुराचं एकेक मूल ठेवा, कानाला आधार मिळतो. मोठ्यानं गाणाऱ्याला ‘हळू म्हण’ सांगण्यापेक्षा ‘शेजारचा ऐकू येईल असं म्हण’ सांगा.

आणि त्या चार-पाच जणांची हाक पेटीवर कुठे सापडली, ते मला जरूर कळवा.