मुलगी सात वर्षांची आहे, पाहुणे आले की दाराआड लपते. तिला बोलकं कसं करावं?

बोलकं करायच्या मागे लागूच नका, बुजरेपणा हा स्वभाव आहे, दोष नव्हे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांना 4 महिन्यांच्या बाळांतच साधारण 20 टक्के बाळं नवख्या गोष्टींनी चटकन बिथरणारी दिसली. त्यातली बरीच पुढे बुजरी निघाली. माझा धाकटाही तसलाच. आम्ही लातूरकडचे; येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, शेतात ही गर्दी, अन् हा कडब्याच्या कोपीमागं गप. पण आजोबांच्या गडूतली आंबील संपलेली फक्त त्यालाच दिसते, न सांगता भरून आणतो. (बडबड्या थोरल्याला कधी दिसली नाही!) चारचौघांत 'बोल की गं' म्हणून टोकू नका. मात्र घरात बोलणारी मुलगी शाळेत महिनाभराहून जास्त काळ अजिबातच बोलत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. नव्या शाळेचा पहिला महिना त्यात धरू नका.