चॉकलेट सीरियलमध्ये साखर किती असते, आणि ‘नवीन’ पाकिटात ती कमी झालेली असते का?

चॉकलेटच्या सीरियलमध्ये 100 ग्रॅमला साधारण 25 ते 35 ग्रॅम साखर असते, साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा 10च्या आतबाहेर. आणि ‘नवीन’ छापलं म्हणजे साखर उतरली असं मुळीच नाही. खात्री पाकिटाच्या मागच्या तक्त्यातूनच होते. एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी छापणं एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा खात्याच्या) 2020च्या लेबल नियमांनी बंधनकारक केलंय. आकडा 100 ग्रॅमचाच बघा. ‘प्रति सर्व्हिंग’चा, म्हणजे एका वेळच्या खाण्याचा, फसवा, कारण कंपन्या ते 30 ग्रॅम धरतात आणि पोरं वाडगाभर, 50 ग्रॅम तरी ओतून घेतात. 30 टक्के साखरेच्या मालात ती 15 ग्रॅम झाली, म्हणजे तीन-साडेतीन चमचे, सकाळीच! घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर त्यात दुसऱ्या नंबरवर असेल तर पाकीट परत ठेवा. मध, गूळ, ग्लुकोज सिरप ही पण साखरच. बेळगावात रविवार पेठेत काय किंवा निपाणी-खानापुरात काय, दुकानात जुना आणि नवा माल शेजारी दिसला तर दोन्ही तक्ते जुळवून बघा. कधी फक्त वजन किंवा चव बदललेली असते. मनुकांच्या म्युस्लीत (ओट्स-सुकामेव्याच्या मिश्रणात) मात्र एकूण साखर जास्त दिसते, ती बरीचशी मनुकांची. तिथे घातलेल्या साखरेचा रकाना वाचा. रोजच्याला जोंधळ्याच्या लाह्या दुधात, वर केळं, हे केव्हाही बरं.