आईच्या जुन्या सुती साड्यांचा कुर्ता टिकतो का, की पडदे नि अभ्रेच शिवावेत?

तुम्ही लिहिलंय की एक कुर्ता शिवून घेतला, तो दोन धुण्यांत पाठीवर शिलाईच्या कडेने फाटला आणि शिंप्याने "कापडच कुजलंय" म्हणून हात झटकले. मला नाही पटत. कुजलेलं कापड वाट्टेल तिथे फाटतं. टिपेला धरून सरळ रेषेत फाटलं, म्हणजे टिपेनेच ते कापलं. बारीक टाका आणि पॉलिस्टरचा चिवट दोरा, बहुतेक एवढंच कारण असणार. याला "पक्की शिलाई" म्हणणारे मास्तर मी खूप पाहिलेत आणि दर वेळी त्यांच्याशी वाद घातलाय. ताण आला की दोरा नि कापड यांपैकी एक तुटणारच. दोरा तुटला तर पाच मिनिटांत पुन्हा टीप मारता येते. कापड फाटलं तर आईची साडी गेली.

माझ्याकडे आलेली एक इरकली नऊवारीच उदाहरणाला घेते. लांबी सव्वाआठ मीटर, अंग सुती, पदर रेशमी. आधी ती साध्या पाण्यात रात्रभर भिजवली, म्हणजे खळ निघते आणि आटायचं ते आटून जातं. वाळल्यावर खिडकीशी धरून हातभर हातभर पाहत गेले. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेलं. काष्ट्याचा भाग, कमरेला खोचायची जागा आणि वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी पडलेल्या घड्या, या तीन जागा बाद धराव्याच लागतात. मग काठाला कात्रीने चीर देऊन कापड आडवं फाडलं. काठ दाट विणीचा असतो, तो हाताने फाडायला जाऊ नका. फाडणं हीच खरी परीक्षा. टर्र आवाज करत सरळ फाटलं तर कापडात जीव आहे. आवाज न होता, वाट सोडून तिरकं गेलं तर तो तुकडा गोधडीच्या आतल्या थरात घालायचा. शिवाय फाडलेली कड आडव्या धाग्यात बरोबर सरळ मिळते, कात्रीने तशी मिळत नाही.

पदराच्या जोडावर मात्र टीप मारू नका. इरकलीत अंगाच्या सुताचे नि पदराच्या रेशमाचे ताणे (उभे धागे) फाशांनी एकमेकांत अडकवलेले असतात, विणकर त्याला टोपी तेनी म्हणतात. तिथे सुई घुसली की फासे तुटून जोड सुटत जातो. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं सोडून मगच कापा.

आता टाका. घरच्या मशीनला सहसा १६ नंबरची सुई लावलेली असते. ती काढून ११ नंबरची नवी लावा. बोथट सुई धागे बाजूला सारत नाही, तोडते. दोरा साधा सुती. टाका ३ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला आठ-नऊ. इंचाला बारा-चौदा टाके घातले की वहीतून पान फाडायला भोकं पाडलेली असतात तशी रेघ तयार होते, ताण आला की कापड तिथेच सुटतं. सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टीप मारतात, तेही नको. दोरे लांब ठेवून हाताने गाठ मारा. शिवायला घेण्याआधी त्याच साडीचे दोन तुकडे जोडून ओढून पाहा. दोरा तुटला तर जमलं. कापड फाटलं तर टाका आणखी लांब करा, वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा.

कुर्त्याला धुतलेल्या मलमलचं अस्तर हवंच, पण वेगळं लोंबणारं नाही. दोन्ही कापडं कडेने कच्च्या टाक्याने टाचून एकच कापड समजून शिवा. अस्तर रुंदीला पाव इंच कमी कापा, म्हणजे ताण आधी अस्तर घेतं. छातीला मापापेक्षा सहा इंच सैल ठेवा, पाठीला चुण्या घाला. अंगाबरोबर बसणारा कुर्ता जुन्या सुतीत शिवूच नये, मुंढ्याशी जातोच.

अभ्र्यांचा हिशोब सोपा. १६ इंची उशीला १७ रुंद नि ४० लांब पट्टी लागते. पुढची बाजू १६, मागे दोन पल्ले मिळून २२ (त्यात ६ इंच एकावर एक येतात), उरलेले दोन इंच दुमडीला. चेन लावू नका, तिच्या दातांपाशीच कापड फाटतं. ४५ इंच पन्ह्याच्या साडीत एवढ्या लांबीत दोन अभ्रे निघून वर ११ इंच उरतात.

पडद्यांविषयी थोडक्यात. दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीला विरलेली साडी लावू नका, उन्हाने ती आणखी विरते. लावायचीच तर मागे अस्तर द्या आणि कड्या साडीला न लावता वर शिवलेल्या जाड पट्टीला लावा.

हे सगळं फक्त वापरून वापरून मऊ झालेल्या सुतीपुरतं आहे. कपाटात कोरा पडून असलेला कापडाचा तुकडा असेल, तर घडीच्या रेषा तेवढ्या तपासा आणि नेहमीसारखा शिवा. साडी पॉलिस्टरची असेल तर पॉलिस्टरचाच दोरा योग्य. कळत नसेल तर एक धागा जाळून पाहा. सुताची राख चिमटीत चुरते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. आणि फाटलेला कुर्ता टाकू नका. टीप उसवून मागून मलमलची चार बोटं रुंद पट्टी लावा, कच्च्या टाक्याने टाचा, नि जुन्या रेषेपासून अर्धा इंच आत नवी टीप घाला. एक इंचाने घट्ट होईल, त्यामुळे आधी बाजूच्या शिलाईत किती कापड शिल्लक आहे ते बघून घ्या.