मुलीची सिस्टिक फायब्रोसिसची तपासणी करून घ्यावी का?

ताई, दीड वर्षाची मुलगी, दोनदा न्यूमोनिया, खाऊनही वजन जागच्या जागी आणि पापा घेतला की खारट लागतं, असं तुम्ही लिहिलंय. मग सिस्टिक फायब्रोसिसची, म्हणजे फुफ्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या या आनुवंशिक आजाराची, तपासणी कराच. नुसता सर्दी-खोकला असता तर मी थांबा म्हटलं असतं.

शी तेलकट, चिकट, फार घाण वासाची होत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. लग्न नात्यात झालं असेल तर तेही, आपल्याकडे ते काही नवीन नाही. आईवडील दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नाही पण त्याचं सदोष जनुक अंगात आहे, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

पहिली तपासणी घामाची, सुई टोचत नाहीत. हातावर औषध लावून हलका करंट देतात, मग अर्धा तास घाम गोळा करून त्यातलं क्लोराइड मोजतात. ६० (मिलिमोल प्रति लिटर) किंवा जास्त आलं तर आजाराची दाट शक्यता, ३० च्या खाली फारच कमी. मधला आकडा आला की जनुकीय तपासणी. तिथे जनुकातले ठरावीक बदलच बघणारं पॅनेल नको, पूर्ण जनुक तपासायला सांगा. आपल्याकडचे बरेच बदल त्या पॅनेलमधून निसटतात.

सोलापुरात सोय नसली तर पुणं गाठा; हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

एक मात्र आत्ताच बघा. आपला उन्हाळा अशा मुलांना फार बाधतो, घामावाटे मीठ जातं. पोर मलूल पडली, उलट्या सुरू झाल्या तर रिपोर्टची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा.