ध्यानाच्या खोलीबाहेर

प्रिय मैत्रिणी,

नव्या साहेबांनी काम सुरू होण्याआधी वीस मिनिटांचं ध्यान सुरू केलं. सक्ती नाही. तुमची श्रद्धा वेगळी, म्हणून तुम्ही बसत नाही. सगळे गप्पा मारत बाहेर येतात तेव्हा कामाचंही काहीबाही आधीच ठरलेलं असतं. ‘मी उगाच मनाला लावून घेतेय का?’ असं तुम्ही विचारलंय.

अजिबात नाही. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळात एका माणसाकडे चेंडू येणं बंद व्हायचं, आणि शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जाणारा मेंदूचा भाग त्याच्यात जास्त सक्रिय दिसायचा. तिथे तर सोबतचे खेळाडू अनोळखी वाटत होते, खरं तर ते माणसं नव्हतेच, संगणकच खेळत होता. तुमची तर रोजची माणसं आहेत.

साहेबांचा हेतू मला वाईट वाटत नाही. पण आध्यात्मिक नेतृत्वाचा सिद्धांत मांडणाऱ्या लुई फ्राय यांनी दोन गोष्टींना फार महत्त्व दिलंय: कामात अर्थ वाटणं, आणि इथली माणसं मला समजून घेतात, मी यांच्यातली आहे, असं वाटणं. तुमच्या ऑफिसात नेमकी ही दुसरी गोष्ट निसटली आहे, आणि साहेबांना बहुधा त्याचा पत्ताच नाही.

त्यांना एकांतात भेटा. ध्यानाबद्दल तक्रार करू नका. तुम्हाला नंतर कळलेले दोन-तीन निर्णय तारखांसह लिहून न्या आणि म्हणा, ‘ध्यान चालू राहू दे, पण कामाचं सगळ्यांसमोर बैठकीतच ठरावं.’ ही मागणी रास्त आहे, ती नाकारणं त्यांना जड जाईल. तरीही काही बदललं नाही आणि त्याचा परिणाम बढतीवर किंवा कामाच्या वाटपावर दिसू लागला, तर मनुष्यबळ विभागाकडे लेखी जा.

डोळे मिटून खोटं खोटं मात्र बसू नका. एकटेपणा जाणार नाही, वर स्वतःचाच राग येईल.

राहता राहिली ती शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. पत्रात तिचा उल्लेख तीनदा आलाय. मला वाटतं, खरं दुखणं तिथे आहे. ‘हिला आमचं वागणं पटत नाही’, असं समजून तीच बिचकत असेल. उद्या जेवायच्या सुट्टीत तिला हाक मारा, आणि ‘मला तुझी आठवण येते’ एवढंच सांगा.

तुमची ताई