स्वतःचा फॉरमॅट नको, यूबीएल घ्या. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं

तुमचा प्रश्न असा: तीन पुरवठादारांशी ऑर्डर आणि इन्व्हॉइसची देवाणघेवाण एक्सेलवर चालते, तर आता स्वतःचा एक्सएमएल (खुणा लावलेल्या मजकुराचा) फॉरमॅट बनवावा, एडिफॅक्ट हे संयुक्त राष्ट्रांचं व्यापारी संदेशांचं जुनं मानक घ्यावं, की यूबीएल हा ऑर्डर-इन्व्हॉइससाठीचा तयार एक्सएमएल फॉरमॅट?

स्वतःचा अजिबात बनवू नका. चौथा पुरवठादार त्याचा वेगळाच फॉरमॅट घेऊन येतो आणि मग जोडीगणिक मॅपिंग (इकडचं कुठलं फील्ड तिकडे कुठे बसतं ते) लिहीत बसावं लागतं. एडिफॅक्ट १९८० च्या दशकातलं असलं तरी ते मोडीत निघालेलं नाही. समोरची बडी कंपनी तेच मागत असेल तर निमूट द्या. नव्याने सुरुवात करणार असाल तर यूबीएल. ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने पहिली आवृत्ती २००४ मध्ये काढली, २.१ ही आवृत्ती २०१५ मध्ये आयएसओ/आयईसी १९८४५ हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. स्कीमा (कागदाची रचना ठरवणाऱ्या नियमांच्या फाइली) फुकट मिळतात, रॉयल्टीची भानगड नाही. युरोपात सुरू झालेल्या पेपोल या ई-इन्व्हॉइस पाठवायच्या नेटवर्कवरची इन्व्हॉइसही मुख्यतः यूबीएलमध्येच असतात.

आता जिथे सगळे अडकतात ते सांगतो. समजा तुम्ही १० खोक्यांची ऑर्डर दिली, एका खोक्यात २४ नग. पुरवठादाराचं इन्व्हॉइस आलं २४० नगांचं. दोन्ही फाइली स्कीमात चोख बसतात, पण तुमची सिस्टिम १० आणि २४० ताडून पाहते आणि पेमेंट अडकवते. म्हणून प्रमाणासोबत युनिट कोड सक्तीचा करा आणि तोही संयुक्त राष्ट्रांच्या शिफारस क्र. २० च्या यादीतलाच: किलोसाठी केजीएम, सुट्या नगासाठी सी६२. कुणी ‘पीसीएस’, कुणी ‘नॉस’ लिहिलं की संपलंच! दर किती नगांमागे आहे तेही ‘बेस क्वांटिटी’त स्पष्ट लिहायला लावा. शंभर नगांचा दर एका नगाचा समजून बिल शंभरपट फुगतं ते इथेच.

वस्तूंची ओळख जीटीआयएनने (बारकोडखालचा आंतरराष्ट्रीय वस्तू-क्रमांक), ठिकाणांची जीएलएनने (तसाच ठिकाणाचा क्रमांक). तुमचे आतले आयटम कोड हवे तर सोबत जाऊ द्या, पण जुळणी त्यांच्यावर टाकू नका; ते कुणीतरी मधेच बदलतं.

यूबीएलमध्ये जवळपास सगळंच ऐच्छिक असतं. त्यामुळे ‘आम्ही यूबीएल पाळतो’ या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. कोणती फील्ड लागतील, कोणती चालणार नाहीत, हे दोन-चार पानांत लिहून तिघांकडून मान्य करून घ्या आणि त्याचे नियम स्कीमाट्रॉनमध्ये (मजकुराचे नियम तपासायची भाषा) उतरवा. एक्सएसडी (म्हणजे स्कीमाची फाइल) फक्त रचना तपासते. ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळते का, हे तिला विचारूनही उपयोग नाही. राउंडिंग ओळीवर करायचं की बेरजेवर, हेही त्याच कागदात ठरवा, नाहीतर दर महिन्याला पैशा-दोन पैशांवरून मेलामेली.

चुकलेलं इन्व्हॉइस त्याच नंबराने पुन्हा पाठवायची सवय आत्ताच मोडा. क्रेडिट नोट पाठवायची, त्यात मूळ इन्व्हॉइसचा नंबर द्यायचा, मग नवं इन्व्हॉइस.

फाइल एएस२ ने पाठवायची, एएस४ ने की साध्या एसएफटीपीने, यावर आत्ता डोकं खपवू नका. ते नंतर बदलता येतं, मजकुराला हात न लावता.